लघवीची पोच

सरकारदरबारी माणसाने तोंडी काही मागू नये, हे तत्त्व मी आयुष्यात कधीही मोडलेले नाही. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तरीही तालुक्याच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली बसून मी आजवर जे अर्ज लिहिले, त्यांच्या भाषेवर पदवीधर कारकुनांनाही बोट ठेवता आलेले नाही. हल्ली सर्व अर्ज संगणकावर भरतात. तथापि ज्याचा अर्ज संगणक वारंवार परत पाठवतो, तो मनुष्य अखेरीस माझ्याच टेबलाशी येतो आणि हळू आवाजात म्हणतो, ‘‘आप्पा, हातानं लिवा.’’ मग मी चष्मा पुसतो.

माझ्या धंद्यात अर्ज देणे हे अर्धेच काम असते. उरलेले अर्धे म्हणजे पोच. अर्जाची दुसरी प्रत आपल्याकडे ठेवावी, तीवर कचेरीचा शिक्का उमटवून घ्यावा, शिक्का स्पष्ट दिसतो की नाही ते उजेडात धरून पाहावे आणि मगच पायरी उतरावी. पोच नसेल तर तो कागद आपण दिलाच नाही असे समजावे. हा उपदेश मी प्रत्येक अर्जदारास करतो. त्यांपैकी बहुतेक जण मान हलवतात आणि पोच न घेताच घरी जातात. ज्या एका व्यक्तीने माझा हा उपदेश अक्षरशः पाळला, तिची ही हकिकत आहे. सदर व्यक्ती म्हणजे माझी नात. ती त्या वेळी पहिलीत होती.

आमचे घर औंधला. मुलगी दिली आहे कवठे महांकाळच्या बाजूस, एका धनगराच्या घरात. माझे व्याही पूर्वी मेंढरे घेऊन मुलूखभर हिंडत. आता चार मेंढ्या दाराशी बांधून डाळिंबाची बाग करतात. जावई लष्करात, दूर सीमेवर. त्यामुळे घरातील वडीलधारेपणाची जबाबदारी व्याह्यांवर पडलेली आणि लिखापढीची अर्थातच माझ्यावर.

नात सुट्टीत औंधला आली की माझ्याबरोबर कचेरीवर येई आणि माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसून दिवसभर कारभार पाही. बाराखडी पुरी होण्याआधी तिला पोच समजली. पुढे गावी गेल्यावर तिने शेजारणीला ताकाचा तांब्या नेऊन दिला आणि पोच मिळेपर्यंत ती उंबऱ्यावरून हलली नाही. शेजारीण बिचारी अर्धा वेळ हसत आणि अर्धा वेळ घाबरत उभी होती. व्याह्यांनी एकदा तिच्याकडून तंबाखूची पिशवी मागवली, तर त्यांना चुन्यात अंगठा बुडवून भिंतीवर ठसा द्यावा लागला. तो ठसा अद्याप त्यांच्या पडवीत आहे. मी तो स्वतः पाहिला असून तो कायदेशीरदृष्ट्या उत्तम उमटलेला आहे.

अशा या मुलीस वारंवार ताप येऊ लागला. लघवीला जळजळ होई, पोट दुखे, औषधाने बरे वाटे आणि थोड्या दिवसांत पुन्हा तेच. गावच्या डॉक्टरांनी सांगितले की लघवी उलटी वर चढून मूत्रपिंडापर्यंत जाते की काय, हे एकदा पाहिले पाहिजे. म्हणून तिला एका ठिकाणी तपासणीस नेले. ते ठिकाण कोणते, हे येथे नमूद करण्याचे प्रयोजन नाही. तेथे लघवीच्या जागी नळी घालून औषध सोडायचे आणि एक्स-रे काढायचा, असा बेत होता. नळी दिसताच मुलीने जी लाथ झाडली, तिने ट्रे, ट्रेमधील सर्व सामग्री आणि एका परिचारिकेची टोपी, अशा वस्तू निरनिराळ्या दिशांना रवाना झाल्या. तपासणी न होताच मंडळी परत आली.

तेव्हापासून नळी या वस्तूचीच तिने धास्ती घेतली. डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या काळ्या नळ्या झाडाझाडाशी पसरलेल्या असतात. ती बागेकडे फिरकेना. व्याही तिला झाडाखाली न्यायला लागले की ती किंचाळे. अखेर व्याह्यांनी बांधावरच्या रांगेतील नळ्या पोत्याने झाकल्या, अशी माझी माहिती आहे. ताप मात्र पुन्हा आलाच.

मग एके दिवशी माझ्या मुलीचा, म्हणजे नातीच्या आईचा, फोन आला. ‘‘दादा, सांगलीला विश्रामबागेत एक डॉक्टरीणबाई हायत. लहान पोरांचं त्याच बगत्यात. नळी न घालता बगायचं जमतंय का ते बगू म्हणाल्यात. पण न्हाई जमलं तर नळी घालावीच लागंल म्हणत्यात. तुमी या. तुमच्याबिगर ती कुणाचं ऐकत न्हाई.’’

शेवटचे वाक्य मी येथे मुद्दाम लिहीत आहे.

मी पहाटेची एसटी धरून, विट्यावरून तासगाव करीत सांगली गाठली. बरोबर माझी नेहमीची पिशवी होती: कोरे कागद, टाचण्या, डिंक, अंगठ्यासाठी शाई आणि जांभळ्या शाईचा पॅड. स्थानकाच्या बाकावर बसून मी अर्ज लिहिला. विषय: माझ्या नातीच्या मूत्रपिंडाची तपासणी नळी न घालता, सौम्य पद्धतीने करणेबाबत. मजकूर पानभर झाला. त्यात बालकाची मनःस्थिती, पूर्वीच्या तपासणीचा वृत्तांत (टोपी वगळून) आणि विनंती असे भाग होते. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ न लिहिता ‘योग्य तो आदेश व्हावा’ असे लिहिले, कारण प्रकरण नाजूक होते.

मिरजमार्गे आलेली मंडळी दवाखान्याच्या दाराशी भेटली. मुलगी, नात आणि धोतर, पटका, खांद्यावर घोंगडी अशा पूर्ण पोशाखात व्याही. त्यांनी माझ्या हातातील कागद पाहिला.

‘‘आवं पावनं,’’ ते म्हणाले, ‘‘पोरीला मुतायला बी अर्ज लागतोय व्हय?’’

‘‘लागत नाही,’’ मी म्हणालो, ‘‘पण दिलेला बरा.’’

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्याच. अंगात पांढरा कोट नव्हता. मुले कोटाला भितात म्हणून त्या तो घालत नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्यांनी माझा अर्ज उभ्याने, संपूर्ण वाचला. ही गोष्ट अधिकारपदावरील व्यक्तीकडून माझ्या अनुभवात क्वचित घडली आहे.

‘‘आजोबा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही हेच करणार आहोत.’’

म्हणजे अर्ज मंजूर झाला. अर्ज दिला नसता तर काय झाले असते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

त्यांनी समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत देतो. पोट भरून पाणी प्यायचे. मूत्राशय भरले की सोनोग्राफीने मूत्रपिंडे पाहायची; नातीला समजावे म्हणून बाई त्यांना घेवडे म्हणत. मग मुलीने भोक असलेल्या खुर्चीवर बसून लघवी करायची आणि ती चालू असतानाच पाठीवर यंत्र धरून मूत्रपिंडे फुगतात की काय ते पाहायचे. नंतर आत किती लघवी उरली ते पाहायचे. नळी नाही, सुई नाही, एक्स-रे नाही. मात्र लघवी यंत्रासमोरच झाली पाहिजे. बाहेर जाऊन केली, अथवा केलीच नाही, तर तपासणी अपुरी राहील. अपुरी राहिली किंवा काही संशयास्पद दिसले, तर पुढची पायरी म्हणजे नळी. तीही आता बारीक असते, आणि एक्स-रेऐवजी बुडबुड्यांचे औषध सोडून सोनोग्राफीवरच पाहता येते. पण नळी ती नळीच.

नातीने हे सर्व आईच्या पदराआडून ऐकले. ‘नळी’ या शब्दाशी तिचे डोळे मोठे झाले.

पाणी पिण्याचा कार्यक्रम सुरू झाला. ती एकटी पिईना, म्हणून तिच्यासोबत मी प्यालो आणि व्याहीही प्याले. थोड्या वेळाने आम्ही तिघेही एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून बाकावर बसलो होतो. व्याह्यांची कळा मला बघवेना.

‘‘व्याही, तुम्ही जाऊन या की.’’

‘‘आन पोर म्हनंल आज्जानं केलं, मी बी करती. तिला दम धराय लावायचा तर आपुन बी धराय पायजे. धरा गड्या.’’

ज्यांनी आयुष्यभर मेंढरे वळली त्यांच्याकडून मला ‘गड्या’ ही हाक प्रथमच मिळत होती. मी धरले.

आत बोलावणे आले. नात आईबरोबर हिरव्या पडद्याआड गेली आणि आम्ही दोघे पडद्याच्या अलीकडे, भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. पडद्यामागून सर्व काही ऐकू येत होते. डॉक्टरीणबाईंनी पोटावर लावायची जेली गरम करून घेतली आणि आधी आईच्या हाताला लावून दाखवली. मग नातीच्या पोटावर.

‘‘गुदगुल्या हुत्यात,’’ असा आवाज आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पूर्वीच्या ठिकाणी याच वेळेस ट्रे उडाला होता.

‘‘हे बघ, हा तुझा एक घेवडा आणि हा दुसरा. दोन्ही छान आहेत. आता खुर्चीत बसायचं. आई जवळच आहे. मी फक्त पाठीला हात लावणार. कर बाळा.’’

शांतता.

‘‘कर गं बाई,’’ माझी मुलगी म्हणाली. ‘‘श्शूऽऽ.’’

शांतता. मला त्या ‘श्शू’चा इतका त्रास झाला की मी भिंतीवरील दिनदर्शिका वाचू लागलो. व्याह्यांनी डोळे घट्ट मिटले होते.

‘‘न्हाई करत,’’ नात म्हणाली.

‘‘का गं? दुखतंय का?’’

‘‘न्हाई. पोच द्या आदी.’’

‘‘काय द्या?’’

‘‘पोच. मी तुमाला देनार की न्हाई? मग मला पोच पायजे. पोच न्हाई तर दिलंच न्हाई.’’

मग माझ्या मुलीची, आजवर तिने मला कधी दिली नव्हती अशी हाक आली: ‘‘दादाऽऽऽ!’’

व्याह्यांनी डोळे उघडले आणि सावकाश माझ्याकडे वळवले. ‘‘घ्या,’’ ते म्हणाले. ‘‘आता कारकून व्हा.’’

मी पडद्याशी जाऊन, आत न पाहता, डॉक्टरीणबाईंना पोच या संस्थेची थोडक्यात कल्पना दिली. बाईंनी तत्काळ एका चिठ्ठीवर ‘मिळाली’ असे लिहून सही केली. चिठ्ठी नातीपुढे धरली गेली.

‘‘शिक्का न्हाई,’’ असा निर्णय आला.

मला या ठिकाणी सांगितले पाहिजे की तो निर्णय बरोबर होता.

‘‘आजोबा, लवकर काहीतरी करा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘फार वेळ ती धरू शकणार नाही. इकडं-तिकडं झाली तर सगळं वाया जाईल, आणि मग मला पुढच्या पायरीचा विचार करावा लागेल.’’

पुढची पायरी म्हणजे नळी. मी धावलो. पोटात तांब्याभर पाणी असताना माझ्या वयाचा मनुष्य ज्या रीतीने धावतो त्या रीतीने धावलो.

बाहेर काउंटरवरची मुलगी जेवायला गेली होती आणि दवाखान्याचा गोल शिक्का खणात कुलूपबंद होता. एकच शिक्का वर पडला होता, लांबट, लाकडी मुठीचा. तो उचलून मी उलट्या अक्षरांत वाचला: ‘रिपोर्ट संध्याकाळी मिळेल’. मी क्षणभर विचार केला. रिपोर्ट मिळणार, याचा अर्थ तपासणीचा ऐवज दाखल झाला आहे. अर्थात ही पोचच होय. मी शिक्का घेतला. शेजारचा पॅड दाबून पाहिला, तो खडखडीत कोरडा होता. येथे माझी पिशवी कामास आली. अर्ज लिहिणाऱ्याचा पॅड कोरडा पडलेला कोणी दाखवून द्यावा.

पडद्याशी परत आलो तो नवीन प्रश्न. पोच दुसऱ्या प्रतीवर घेतात. लघवीची दुसरी प्रत कोठून आणणार?

तेवढ्यात पडद्याच्या कडेखालून एक लहानसा हात बाहेर आला. तळवा वर केलेला, बोटे सरळ. इतक्या पाण्याने भरलेली सहा वर्षांची मुलगी जेवढी स्थिर राहू शकेल तेवढा तो हात स्थिर होता. मी शिक्का पॅडवर टेकवून तळव्यावर दाबला. घाईत तो हलका पडला. हात आत गेला.

‘‘दिसंना,’’ आतून आवाज. ‘‘परत मारा.’’

हात पुन्हा बाहेर. या वेळी मी कचेरीतला जुना शिपाई मारतो तसा, मनगटातून मारला. ठळक जांभळी अक्षरे उमटली. हात आत गेला. सदर शिक्का ती वाचेल आणि ‘संध्याकाळी’ या शब्दावर हरकत घेईल, अशी मला धास्ती होती.

‘‘रि... पो...’’ ती वाचू लागली.

‘‘वाच मग घरी जाऊन, माझी बाय,’’ मुलगी काकुळतीने म्हणाली.

‘‘बरं,’’ नात म्हणाली. आणि मग, बागेतल्या ठिबकची मुख्य तोटी कोणी एकदम सोडावी तसा, आवाज आला.

‘‘सुटलीऽऽ रं!’’ व्याही ओरडले. हा आवाज डोंगरापलीकडच्या मेंढरांना पोहोचण्यासाठी घडवलेला होता. बाहेरच्या खोलीतले सर्व पेशंट उभे राहिले. एका म्हाताऱ्या बाईंनी काय झाले ते न विचारता हात जोडले.

‘‘छान, छान, अशीच,’’ डॉक्टरीणबाई आत म्हणत होत्या. ‘‘घेवडे फुगले नाहीत. बघा ताई, अजिबात फुगले नाहीत.’’

व्याह्यांनी माझा दंड पकडला. मला वाटले ते काही भावपूर्ण बोलणार. ते म्हणाले, ‘‘पावनं, आता मातुर मी चाललो,’’ आणि घोंगडी सावरत ज्या वेगाने संडासाकडे गेले, त्या वेगाने मी त्यांना पूर्वी कधी जाताना पाहिले नव्हते. त्यांच्या मागोमाग कोण गेले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

थोड्या वेळाने पुन्हा एकदा तिला लघवी करायला सांगितले, उरलेली पाहण्यासाठी. दुसऱ्या तळव्यावर दुसरी पोच घेतल्याखेरीज ती बसली नाही. या वेळी शिक्का स्वतः डॉक्टरीणबाईंनी मारला. त्यांचा हात हलका आहे. त्यांनाही दोनदा मारावा लागला.

मग त्यांनी आम्हा सर्वांना समोर बसवले. मूत्रपिंडे चांगली आहेत. लघवी करताना ती फुगली नाहीत. पण मुलगी पुष्कळ वेळ लघवी धरून ठेवते आणि केली तरी घाईत अर्धीच करते, म्हणून बरीचशी आत उरते, आणि तेथेच जंतू वाढतात. आजच्या तपासणीने प्रत्येक शंका मिटते असे त्या म्हणाल्या नाहीत. तूर्त नळीची गरज दिसत नाही. औषध द्यायचे, पाणी भरपूर, ठरावीक वेळाने लघवीला पाठवायचे आणि पुन्हा सोनोग्राफी करून पाहायचे. ताप पुन्हा आला तरच पुढचा विचार.

‘‘का धरून ठेवतेस गं?’’ बाईंनी विचारले.

‘‘शाळंत संडासाच्या दाराला कडी न्हाई,’’ नात म्हणाली. ‘‘पोरं दार उघडत्यात.’’

व्याह्यांनी कपाळावर हात मारला. ‘‘आन आमी तिच्या पोटात काय हाय ते बगाय सांगलीला आलो!’’

मी पिशवी उघडून कोरा कागद काढला. विषय: प्राथमिक शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारास आतून कडी बसवणेबाबत. तो अर्ज दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्या गावच्या शाळेत जाऊन दिला आणि पोच घेतली. मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘एवढ्यासाठी अर्ज कशाला, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं.’’ त्यावर मी फक्त चष्मा पुसला. कडी त्याच आठवड्यात बसली. ती जरा घट्ट आहे, पण लागते.

त्या दिवशी दवाखान्यातून त्यांच्या गावी निघण्यापूर्वी मी सांगलीत एक शिक्का करवून घेतला होता. गोल, मध्ये ‘मिळाली’, भोवती नक्षी. कचेरीचे शिक्के खाजगी माणसाने बाळगणे मी आयुष्यभर निषिद्ध मानले आहे. परंतु लघवी हे खाते कोणत्याही कचेरीच्या अखत्यारीत येत नाही, अशी मी खात्री करून घेतली. तो शिक्का आणि माझा जुना पॅड मी मुलीकडे सुपूर्द केला. तेव्हापासून नात वेळच्या वेळी जाते, शेवटपर्यंत बसते आणि बाहेर येऊन तळवा पुढे करते. संध्याकाळपर्यंत तिचे दोन्ही हात जांभळे झालेले असतात. शाळेतल्या बाईंनी चौकशी केली, तेव्हा तिने त्यांनाही पोचेचे महत्त्व समजावून सांगितले, असे ऐकतो.

अद्याप ताप आलेला नाही. दुसऱ्या सोनोग्राफीत आत उरणारी लघवी पुष्कळ कमी दिसली. नळीचा विषय डॉक्टरीणबाईंनी काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. नात आता डाळिंबाच्या बागेत जाते. ठिबकच्या नळीवरून उडी मारून जाते, पण जाते.

परवा मी गावी गेलो होतो. पडवीत चुन्याच्या अंगठ्याखाली बसून आम्ही चहा घेत होतो. नात आतून आली, तिने पोच घेतली आणि ती उजेडात धरून तपासली. व्याही तिच्याकडे बराच वेळ पाहत होते.

‘‘पावनं,’’ ते म्हणाले, ‘‘आमचं बी वय झालंय. आमाला बी घडीघडी जावं लागतंय. येका टायमाला नीट हुईत बी न्हाई. आमाला पोच न्हाई व्हय?’’

‘‘अर्ज करावा लागेल,’’ मी म्हणालो.

‘‘तुमीच लिवा की मग.’’

त्यांनी तळवा पुढे केला, मेंढरांच्या काठीने घट्टे पडलेला. मी शिक्का पॅडवर टेकवून त्यावर मारला. नात पुढे आली, तिने आजोबांचा हात दोन्ही हातांनी धरून उन्हाकडे वळवला, डोळे बारीक केले आणि मान हलवली.

‘‘आबा, दिसंना,’’ ती मला म्हणाली. ‘‘परत मारा. आन ह्येंनी केली का ते आदी इचारा.’’